मोजलं की अंदाज? सरांबरोबर ठाण्याच्या खाडीकाठी चार दिवस

पहिला दिवस : शुक्रवार, १६ फेब्रुवारी २०२४, रथसप्तमी

ठाणे पूर्वेला स्टेशनबाहेर साडेनऊला जमायचं ठरलं होतं. आम्ही अकरा जण, सगळे शाळेत विज्ञान शिकवणारे. कुणी मुंब्र्याहून, कुणी घणसोलीहून, मी कळव्याहून. सर आमच्या आधी येऊन चहाच्या टपरीशी उभे होते. वय ७२, खांद्याला तीच खादीची पिशवी. पिशवीत सुतळीचं रीळ, पीव्हीसी पाइपची अर्धा मीटर बाय अर्धा मीटरची चौकट, जुने टूथब्रश आणि एक लांबट रजिस्टर. १९९७-९८ साली मी टीवाय बीएस्सीला होते, तेव्हाही पिशवीत हेच असायचं. फक्त चौकट तेव्हा लाकडी होती.

सरांनी आयुष्यभर कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवलं. २०१२ साली निवृत्त झाले आणि तेव्हापासून दर फेब्रुवारीत शाळेच्या शिक्षकांना घेऊन बाहेर पडतात. मी या वर्षी पहिल्यांदा आले. इतकी वर्षं का आले नाही याचं चांगलं उत्तर माझ्याकडे नाही. शाळेतून सुट्टी मिळत नाही, पोर्शन संपत नाही, हे सगळं खरंच आहे. पण त्याच शाळांतून माझ्याबरोबरचे दहा जण आलेच होते.

निघण्याआधी सरांनी विचारलं, "आज तिथी कोणती?"

"सप्तमी," तीन-चार जण एकदम म्हणाले. रथसप्तमी असल्याने सोपं होतं.

"मग ओहोटी किती वाजता?"

सगळे गप्प. मी फोन काढत होते, सरांनी हातानेच थांबवलं. मग चेंदणी कोळीवाड्यातल्या एका म्हाताऱ्या नाखव्याकडून चाळीसएक वर्षांपूर्वी शिकलेला हिशेब त्यांनी सांगितला. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. साताची पाऊणपट सव्वापाच. म्हणजे भरती सव्वापाचला, आणि ओहोटी त्याच्या सुमारे सहा तास आधी, अकराच्या आसपास. कोकणात हा हिशेब पुष्कळांना माहीत आहे. मी मालवणच्या आजीच्या हाताखाली वाढलेली, तरी मला तो पाठ नव्हता. भरती रोज सुमारे पन्नास मिनिटं उशिरा येते आणि त्याला चंद्राचं पुढे सरकणं कारणीभूत आहे, हे मात्र मी अठरा वर्षं फळ्यावर लिहीत आले आहे.

घणसोलीच्या एका सरांनी लगेच पकडलं. "पाऊणपट म्हणजे दिवसाला पंचेचाळीस मिनिटं झाली. पाच मिनिटं कमी पडतात. पौर्णिमेपर्यंत सव्वा तासाची चूक होईल की!"

सरांचा चेहरा असा खुलला की आम्ही बघतच राहिलो. "बरोबर. मग कोळ्यांचं काम कसं भागतं? पंधरा दिवस रोज खाडीवर जाऊन वेळ लिहा आणि मला सांगा." उत्तर त्यांनी दिलं नाही. माझी खात्री आहे की त्यांना ते ठाऊक आहे.

कोपरीच्या बाजूने मीठबंदराकडे चालत गेलो. जुन्या दगडी बांधावर एक खूण आहे. तिथून सुतळी सरळ चिखलात तीस मीटर ताणायची, आणि दर तीन मीटरवर चौकट ठेवायची. आपल्याला बरी वाटते तिथे ठेवायची नाही, मापाने येईल तिथेच. तिसऱ्या जागी चौकट बरोबर एका सडक्या प्लास्टिकच्या गोणीवर आली. एक बाई ती बाजूला सरकवू लागल्या, तेव्हा सर म्हणाले, "असू दे. गोणी आहे असं लिहा. खाडीत गोणी आहे ना?"

चिखलात पाय टाकल्यावर पहिली दहा मिनिटं सगळं लक्ष पायाकडेच असतं. पोटरीपर्यंत पाय आत जातो, वर काढताना चप्पल आतच राहते. म्हणून सरांची सूचना असते की जुने मोजे घाला आणि त्यावर सुतळी बांधा. पाय एकदा स्थिरावले की मग दिसायला लागतं. तिवराची, म्हणजे खाडीकाठच्या खारफुटीच्या झाडाची, श्वसनमुळं पेन्सिली रोवून ठेवल्यासारखी चिखलातून वर आलेली. माझ्या चौकटीत ६१. मी दोनदा मोजली. दुसऱ्यांदा ५९ आली, म्हणून तिसऱ्यांदा मोजली. तीन मुळं दुसऱ्या मुळांना इतकी चिकटून होती की टूथब्रशने चिखल झाडल्याशिवाय वेगळी कळत नव्हती. ब्रश कशाला आणलेत हे तेव्हा समजलं.

एका शिक्षिकेने पान दाखवून नाव विचारलं. सरांचा नियम जुनाच आहे. नाव नंतर. आधी तीन वाक्यं लिहायची, आणि तिन्ही डोळ्यांनी, बोटांनी किंवा जिभेने मिळालेली हवीत. तिने लिहिलं : वरून हिरवं तुकतुकीत, खालून पांढरट. बोटाला खरखरीत लागतं. चाटलं तर खारट. मग सरांनी नाव सांगितलं, तिवर. खारट का, यावर मात्र अर्धा तास गेला. तिवर खारं पाणी आत घेतं आणि जादा मीठ पानांतल्या ग्रंथींतून बाहेर टाकतं. कांदळ हा खारफुटीचा दुसरा प्रकार तेच मीठ बरंचसं मुळांशीच अडवतो. मग कांदळाचं पान चाटून फरक कळेल का? या सुतळीवर कांदळ नव्हता. कुणीतरी वहीत लिहून ठेवलं, 'कांदळ शोधणे, चाटणे.'

अकरा वाजता पाणी मागे गेलं होतं. निवट्या चिखलावरून सरपटत, उड्या मारत चालल्या होत्या. माशाला जमिनीवर चालताना बघायला ठाण्याच्या मुलांना स्टेशनपासून वीस मिनिटं चालावं लागतं. माझ्या वर्गातल्या एकानेही निवटी जिवंत पाहिलेली नाही. ताटात बऱ्याच जणांनी पाहिली आहे. फिडलर खेकड्यांचे नर एकच मोठा नांगा वरखाली करत बिळाशी उभे होते. आम्ही हललो की सगळे आत. मग पाच मिनिटं पुतळ्यासारखं उभं राहायचं, आणि एकेक बाहेर येऊ लागला की मोजायचं. इतका वेळ स्वस्थ उभी मी कधी राहिले होते ते आठवेना.

दुसरा दिवस : शनिवार, १७ फेब्रुवारी

टीएमटीच्या पहिल्या बसपैकी एकीने येऊर. डोंगर चढताना बसमध्येच थंडी वाजायला लागते. हा भाग संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाची ठाण्याकडची बाजू. पाटोणापाड्याशी उतरलो.

आज दोघादोघांना एकेक झाड. आमच्या वाट्याला काटेसावर आली. पान एक नाही, सगळं झाड लाल फुलांनी भरलेलं. काम साधं होतं. एक तास झाडाखाली बसायचं आणि दर दहा मिनिटांनी कोण आलं, कुठे बसलं, चोच कुठे घातली ते लिहायचं. पक्ष्यांची यादी करून आणायची नाही. "यादी घरी पुस्तकातून उतरवता येते," सर म्हणाले. "वेळ पुस्तकात नसतो."

पहिल्या दहा मिनिटांत झाड गजबजलं होतं. साळुंक्या, भांगपाडी मैना, बुलबुल, कोतवाल, एक हळद्या, दोन खारी. कोतवाल फुलात चोच घालत होता आणि मधेच उडून इतरांना हाकलत होता. माझ्याबरोबरच्या मॅडमनी कोतवालाने किती वेळा हाकललं त्याचाच वेगळा रकाना केला. तास संपत आला तसं झाड शांत झालं. का? ऊन वाढलं म्हणून, की फुलांतला मध संपला म्हणून? आम्ही दोघी दोन बाजूंनी बोलत होतो आणि दोघींकडेही पुरावा नव्हता. सरांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "कोण बरोबर हे ठरवायला काय कराल?" बऱ्याच वेळाने सुचलं. काही कळ्यांवर आदल्या संध्याकाळी जाळीची पिशवी बांधायची, सकाळी उशिरा ती काढायची, आणि त्या फुलांत मध शिल्लक आहे का ते उघड्या फुलांशी ताडून बघायचं. मध असूनही कोणी येत नसेल तर ऊन. 'नियंत्रित प्रयोग' असा एक शब्द आहे. तो शब्द असा झाडाखाली बसून हवासा वाटेल, असं कधी वाटलं नव्हतं.

पाड्यावरच्या एका मावशी लाकडं घेऊन चालल्या होत्या, त्या थांबल्या. खाली पडलेली सावरीची फुलं भेकर खातं, पहाटे यायला हवं होतं, म्हणाल्या. सरांनी ते त्यांच्या शब्दांत लिहून घेतलं आणि पुढे 'पाड्यावरून ऐकलं, आम्ही पाहिलं नाही' असंही लिहिलं. मग त्या मावशी आम्हाला कारवीकडे घेऊन गेल्या.

कारवीबद्दल थोडं लिहायलाच हवं. उतारावर माणसाच्या डोक्याच्या वर गेलेल्या सरळ काठ्यांचं रान. ही सात वर्षं नुसती वाढते, आठव्या वर्षी सगळी मिळून फुलते, बी धरते आणि वाळून जाते. या डोंगरांत ती २००८ मध्ये फुलली, २०१६ मध्ये फुलली. म्हणजे आता या पावसानंतर तिचं वर्ष. मावशींनी एक वाळकी काठी मोडून दाखवली. घराचा कूड याचाच, काठ्या उभ्या लावायच्या, वर शेणमातीचा लेप. "फुलली की मग मरते, मग काठी काढायची. जित्ती काढत नाही," त्या म्हणाल्या.

सर म्हणाले, २००८ साली पोरांना इथे आणलं, त्यातली एक २०१६ साली स्वतःच्या शाळेतली मुलं घेऊन आली. कॉलेजच्या तीन वर्षांत जे मावत नाही तेही शिकवायला हवं, त्याला हाच मार्ग. हे ते सहज बोलून गेले आणि पाणी प्यायला लागले. मी मात्र हिशेब करत बसले. माझी आत्ताची आठवी २०३२ मध्ये बावीस वर्षांची असेल.

तिसरा दिवस : रविवार, १८ फेब्रुवारी

सकाळ कचराळी तलावावर गेली. जुन्या ओढणीच्या तलम कापडाची जाळी करून पाणी गाळलं आणि फोल्डस्कोपखाली पाहिलं. कागद घडी घालून करायचा हा सूक्ष्मदर्शक पोरांच्या हातात द्यायला फार सोयीचा. फिरायला आलेली दोन आजोबा मंडळीही रांगेत उभी राहून बघून गेली. एका थेंबात हिरव्या गोळ्यांची वसाहत गरगरत होती. बाकी दुपारपर्यंत आकडे मांडण्याचंच काम, ते लिहिण्यासारखं नाही.

संध्याकाळी सरांनी सगळ्यांना नौपाड्यातल्या घरी बोलावलं. काकूंनी थालीपीठ आणि लोण्याचा गोळा ठेवला होता. आणि बाहेरच्या खोलीतल्या कपाटात रजिस्टरं होती. पहिलं १९८३ चं.

त्याआधीची गोष्ट सर सांगत होते. नवीन लेक्चरर असताना ते मध्य प्रदेशात होशंगाबादला जाऊन आले होते. तिथे १९७२ साली १६ ग्रामीण शाळांत विज्ञान शिकवण्याचा एक वेगळा कार्यक्रम सुरू झाला होता. मुलं गटाने प्रयोग करायची, आसपासच्या शेतात जायची, पुस्तकात उत्तरांऐवजी प्रश्न असायचे आणि परीक्षेला पुस्तक उघडं ठेवायची मुभा होती. पुढे तो शेकडो शाळांत पोचला आणि २००२ मध्ये सरकारने तो बंद केला. बंद झाल्याचं सांगताना सरांचा आवाज आजही बदलतो. ते परत आले तेव्हा त्यांच्या विभागात प्रॅक्टिकल म्हणजे बेडूक, झुरळ आणि सर्टिफाइड जर्नल. जर्नलमधल्या आकृत्या मागच्या वर्षीच्या जर्नलमधून यायच्या. अभ्यासक्रम बदलणं त्यांच्या हातात नव्हतं. त्यांनी एवढंच केलं, वर्षातला एक दिवस खाडीवर, एक दिवस येऊरला, आणि सगळ्या बॅचेसनी त्याच दगडापासून तीच सुतळी धरायची. एका बॅचचे आकडे म्हणजे एक प्रॅक्टिकल. चाळीस बॅचेसचे आकडे म्हणजे खाडीचा इतिहास.

तो इतिहास पानापानांत दिसतो. १९८३ च्या पानावर सुतळीच्या पंधराव्या मीटरपुढे 'उघडा चिखल' लिहिलं आहे. आज तीसही मीटर तिवरांखाली आहेत. गाळ साठत गेला आणि झाडं पुढे सरकली. पक्ष्यांच्या यादीत ऐंशीच्या दशकात रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, नाहीच. नव्वदच्या दशकात तो यायला लागतो आणि मग दरवर्षी असतो. शहराच्या सांडपाण्याने खाडीत शेवाळ वाढलं आणि त्यावर जगणारे पक्षी वाढले, हा कार्यकारणभाव मुलांना सांगणं अवघड जातं. पाणी घाण झालं म्हणून सुंदर पक्षी आले, मग घाण चांगली का? सर म्हणतात हा प्रश्न वर्गात यायलाच हवा, आणि घाईने मिटवायचा नाही.

२०१४ साली यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, प्राणिशास्त्राच्या प्रॅक्टिकलमधलं विच्छेदन बंद केलं तेव्हा सर निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती. त्या वर्षी त्यांना सर्वांत जास्त फोन आले. बेडकाच्या जागी काय करायचं, असं विचारणारे.

मी १९९८ चं रजिस्टर शोधत होते. सापडलं. माझं अक्षर, निळी शाई. खेकड्यांची बिळं, चौकट एक ते सहा : २०, ३०, २०, ४०, ३०, २०. आणि कडेला पेन्सिलीने सरांचं बारीक अक्षर, 'मोजलं की अंदाज?'

ते पान मला नीट आठवतं. भरती चढायला लागली होती, मला भीती वाटत होती आणि मी आकडे घाईने टाकून दिले होते. पेन्सिलीतला प्रश्न वाचला तेव्हा मी सरांना भेटायचं टाळलं. सव्वीस वर्षं मी तो प्रश्न म्हणजे ओरडा समजत आले, आणि माझ्या वर्गात कुणी असे गोल आकडे आणले की मीही त्याच सुरात विचारत आले.

सरांना पान दाखवलं. त्यांनी चष्मा वर करून वाचलं.

"अगं, अंदाज वाईट नसतो. पाणी चढत असताना दुसरं काय करणार? अंदाज आहे एवढं लिहायचं राहिलं तुझं. मी पुसलं नाही, कारण तुला भरायचं होतं ते."

काकूंनी आणखी एक थालीपीठ वाढलं. मी पेन मागून घेतलं आणि त्या ओळीखाली लिहिलं : 'अंदाज. भरती चढत होती.' खाली आजची तारीख टाकली.

चौथा दिवस : सोमवार, १९ फेब्रुवारी

शिवजयंतीची सुट्टी. ऐरोलीला जाताना रस्त्यात भगवे झेंडे, ढोलताशे, मोटरसायकलींच्या रांगा. आजच्या दिवशी आम्हा प्रत्येकाला आपल्या शाळेतली काही मुलं आणायची होती. माझ्याबरोबर आठवीतली आठ जण. ऐरोलीचं सागरी व किनारी जैवविविधता केंद्र २०१७ मध्ये सुरू झालं, तिथूनच ठाणे खाडीच्या फ्लेमिंगो अभयारण्यात बोटी जातात. अभयारण्य २०१५ साली जाहीर झालं, १६९० हेक्टर, त्यातला निम्म्याहून जास्त भाग कांदळवन. २०२२ मध्ये ठाणे खाडी रामसर स्थळांच्या, म्हणजे जगभरातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या, यादीत गेली. हे मी मुलांना रिक्षातच सांगून टाकलं, म्हणजे बोटीत बोलायला नको.

दशमी होती. पाऊणपट साडेसात. म्हणजे आम्ही नऊला निघालो तेव्हा पाणी उतरायला लागलं होतं. बोट हळू चालली होती. दोन्हीकडे तिवरं, मधे गढूळ पाणी, कुरव पक्षी बोटीमागे ओरडत. एका वळणानंतर चिखलाचा पट्टा उघडा पडत होता आणि त्याच्या कडेने लांबवर फिकट गुलाबी रेघ. नावाड्याने इंजिन बंद केलं.

मुलं ओरडतील अशी मला धास्ती होती. कुणीच ओरडलं नाही. बराच वेळ फक्त पाण्याचा आणि पक्ष्यांच्या घशातल्या कुरकुरीचा आवाज. मग एका मुलाने अगदी हळू विचारलं, "बाई, ते डोकं उलटं करून खातात. मग गिळतात कसं?"

उत्तर माझ्या ओठावर होतं. चोच उलटी बुडते, जीभ पंपासारखी पुढेमागे होते, चोचीच्या कडांच्या बारीक कंगव्यांतून पाणी बाहेर जातं आणि शेवाळ आत राहतं. शिवाय लहान रोहित आणि मोठा रोहित यांच्या खाण्यातला फरक. हे मी छान सांगते. सर दोन फळ्यांपलीकडे बसून पाण्याकडे बघत होते. मी म्हटलं, "एकच पक्षी धर. डोकं किती वेळ खाली असतं ते मोज. वर घेतो तेव्हा काय करतो ते बघ." त्याच्याकडे घड्याळ नव्हतं, म्हणून शेजारचा मुलगा आकडे म्हणत राहिला. पंधरा मिनिटांनी त्याचं वाक्य तयार होतं : 'पाण्यात असतानाच गळा हलतो. वर घेतो तेव्हा गिळत नाही, नुसता बघतो.' मी इतक्या वेळा रोहित पाहिले आहेत, पण गळा हलताना कधी पाहिला नव्हता. दुर्बीण मागून घेतली. हलत होता.

दोन मुली थवा मोजत होत्या. सरांनी त्यांना दहाचा ठोकळा शिकवला. दहा पक्षी खरे मोजायचे, ते किती जागा घेतात ते डोळ्यात ठेवायचं आणि तेवढे ठोकळे थव्यावरून पुढे सरकवत न्यायचे. एकीचे २३ ठोकळे झाले, दुसरीचे ३१. दोघींचं भांडण जुंपलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी दोन्ही आकडे नावांसकट लिहायला सांगितले. पहिलीने स्वतःहून पुढे लिहिलं, 'अंदाज. मागच्या रांगा दिसत नव्हत्या.' दुसरीने ते वाचलं, आपली वही पुन्हा उघडली आणि तीही काहीतरी लिहू लागली.

साडेदहाला पाणी इतकं उतरलं की नावाडी थांबायला तयार होईना. जेट्टीला लागलो तेव्हा खांबावरची ओली खूण पाण्याच्या बरीच वर राहिली होती. एक मुलगा तिथे वीत लावून बसला. सर त्याच्या शेजारी उकिडवे बसले. दोघांत काय बोलणं झालं ते ढोलांच्या आवाजात मला ऐकू आलं नाही.

रिक्षाच्या रांगेत ३१ ठोकळेवालीने विचारलं, "बाई, उद्या ते इथेच असतील? उद्या किती वाजता यायला लागेल?"

शाळा आहे उद्या, असं मी म्हणणार होते, पण मुलं बोटांवर मोजू लागली होती. दशमीनंतर एकादशी. अकराची पाऊणपट.

"सव्वाआठ!"

"पण त्यात पाच-पाच मिनिटं कमी पडतात ना?" मागून कुणीतरी म्हणालं.